पत्ता नको, नाव विचारा

आमच्या मरहूम अब्बांना कात्रणे जपण्याची सवय होती. मासिकांत, दिवाळी अंकांत, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत त्यांचे जे काही मराठीत छापून येई, ते कापून जुन्या वहीत खळीने चिकटवून ठेवत. अशा अकरा वह्या नांदेडला आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. अब्बांची धाकटी बहीण, आमच्या फुफीअम्मा, लातूरला राहतात. वय ऐंशीच्या पुढे, नजर पार मंदावलेली. मागच्या ईदेला भेटायला गेलो तेव्हा हात धरून म्हणाल्या, "भाईजान का लिखा एक बार सुनना था बेटा. पढ के सुनाने कू किसको टाइम है?"

आम्ही खाली मान घातली. वर्गात रोज सहा तास वाचून दाखवणाऱ्या मास्तराकडे फुफीसाठी वेळ नाही, हे खरेच होते.

नांदेडला परतल्यावर ही गोष्ट आमच्या भाचीला सांगितली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय कॉम्प्युटर. म्हणाली, "मामू, पानाचा फोटो काढला तर मशीन वाचून दाखवू शकतं. करून बघू?" दोन रात्री बसून तिने पायथन भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. कात्रणाचा फोटो द्यायचा, प्रोग्रॅम त्यातली अक्षरे ओळखणार आणि मग मोठ्याने वाचणार. तिच्या कॉम्प्युटरवर तो छान चालला. अब्बांचा विहिरीवरचा जुना लेख यंत्राच्या तोंडून ऐकताना आमच्या अंगावर काटा आला.

तोच प्रोग्रॅम लातूरला फुफीअम्मांच्या नातवाला पाठवला. रात्री त्याचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. "चाचा, माझ्याकडून काहीतरी बिघडलं. काळी खिडकी येते आणि लगेच जाते. काहीच होत नाही." मागून फुफीअम्मांचा आवाज ऐकू आला, "रहने दे बेटा. अपने नसीब में नै."

वाचकहो, या महिन्याचे सदर त्या काळ्या खिडकीबद्दल आहे. मुलाने काहीही बिघडवले नव्हते. फुफीअम्मांच्या नशिबाचाही त्यात काही दोष नव्हता. चूक होती प्रोग्रॅममधल्या एका ओळीत, आणि ती चूक आपल्या घरांतली शिकणारी मुले रोज करतात. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भाचीच्या प्रोग्रॅमला स्वतःला ना वाचता येत होते, ना बोलता. तो दोन मदतनिसांना हाक मारत होता. अक्षरे ओळखणाऱ्याचे नाव टेसरॅक्ट. एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तो घडला, २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. आज तो फुकट मिळतो आणि मराठी, उर्दू धरून शंभराहून अधिक भाषांची छापील अक्षरे ओळखण्याची सोय त्यात आहे. दुसरा मदतनीस ईस्पीक-एनजी. तो मजकूर मोठ्याने वाचतो, मराठीही वाचतो. हे दोन्ही म्हणजे कॉम्प्युटरवर ठेवलेल्या चालणाऱ्या फाईली. अशा फाईलीला एक्झिक्युटेबल म्हणतात. साधी फाईल उघडून आपण वाचतो, ही फाईल उठून काम करते.

आता प्रश्न असा, की ही फाईल कॉम्प्युटरच्या कोणत्या कोपऱ्यात बसलेली असते?

भाचीच्या कॉम्प्युटरवर उबुंटू, म्हणजे लिनक्स आहे. तिथे टेसरॅक्ट 'यूएसआर' नावाच्या फोल्डरमधल्या 'बिन' या फोल्डरमध्ये असतो. तिने तोच पूर्ण पत्ता प्रोग्रॅममध्ये लिहून टाकला. लातूरच्या लॅपटॉपवर विंडोज. तिथे टेसरॅक्ट सी ड्राइव्हच्या 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसलेला. प्रोग्रॅम नांदेडचा पत्ता घेऊन लातुरात घर शोधत राहिला. घर सापडले नाही, प्रोग्रॅम थांबला, आणि फाईलवर दोनदा क्लिक करून तो सुरू केलेला असल्यामुळे चूक सांगणारी खिडकी वाचून होण्याआधीच मिटली.

भाचीने लगेच दुरुस्ती केली. लिनक्सचा पत्ता काढून विंडोजचा पूर्ण पत्ता लिहिला. लातूरला प्रोग्रॅम चालला, पण आता नांदेडला बंद पडला! शिवाय हीच फाईल पुण्यातल्या आमच्या पुतण्याने मागून घेतली होती. त्याच्याकडेही विंडोजच, पण सी ड्राइव्ह भरल्यामुळे त्याने टेसरॅक्ट डी ड्राइव्हवर टाकलेला. तिथेही प्रोग्रॅम आडवा. भाची वैतागून म्हणाली, "मामू, एकेकाच्या घराचा पत्ता मी कुठवर लिहीत बसू?"

आम्हाला लातूरची गंजगोलाई आठवली. लातूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेला हा गोल चौक, मधली दुमजली इमारत १९१७ सालची, आणि चौकाला येऊन मिळतात तब्बल १६ रस्ते. एका रस्त्यावर सोने-चांदी, एकावर चपला, एकावर मिरची आणि गूळ. लहानपणी अब्बा आम्हाला तिथे एका ओळखीच्या दुकानदाराकडे पाठवत. दुकानाचा नंबर कधीच सांगत नसत, कारण त्या गृहस्थाने दोनदा जागा बदलली होती. अब्बा म्हणत, नाव लक्षात ठेव आणि रस्त्यारस्त्यावर विचारत जा. पहिल्या रस्त्यावर नसला तर दुसऱ्यावर, दुसऱ्यावर नसला तर तिसऱ्यावर. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांब.

कॉम्प्युटरसुद्धा नेमके हेच करतो. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमजवळ फोल्डरांची एक यादी असते. तिला 'पाथ' म्हणतात, म्हणजे वाट. १९७९ च्या युनिक्सपासून ही पद्धत चालत आली आहे. आपण नुसते नाव सांगितले की कॉम्प्युटर यादीतल्या पहिल्या फोल्डरात डोकावतो, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ज्या फोल्डरात त्या नावाची चालणारी फाईल पहिल्यांदा दिसेल, ती उचलतो.

इथवर सगळे सोपे आहे. अडचण अशी, की प्रत्येक गावाची विचारण्याची रीत वेगळी. लिनक्समध्ये यादीतल्या दोन फोल्डरांच्या मध्ये विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह असते, विंडोजमध्ये अर्धविराम. विंडोजला दोन टिंबे चालणार कशी? तिथे ड्राइव्हच्या अक्षरापुढे तीच टिंबे आधीच बसलेली आहेत. लिनक्समध्ये लहान आणि मोठे इंग्रजी अक्षर वेगळे धरतात, विंडोजमध्ये एकच. सर्वांत मोठा फरक ओळखीचा. विंडोज फाईलचे आडनाव बघते. शेवटी 'डॉट ईएक्सई' किंवा तसलेच दुसरे आडनाव असेल तर ती चालणारी फाईल, आणि अशा मान्य आडनावांची एक यादीही विंडोज जवळ ठेवते. लिनक्सला आडनावाशी देणेघेणे नाही. तिथे फाईलला चालण्याची परवानगी दिलेली आहे का, एवढेच बघतात. नाव बरोबर असूनही परवानगी नसेल, तर ते दुकान शटर ओढलेले समजायचे आणि पुढच्या रस्त्याला लागायचे.

हे सारे प्रत्येक मुलाने स्वतः लिहायचे म्हटले तर दोन दिवस त्यातच जातील आणि चार चुका राहतील. यासाठी लायब्ररी असते. प्रोग्रॅमरांच्या बोलण्यात लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे वाचनालय नव्हे. कुणीतरी आधी लिहून, तपासून ठेवलेल्या तयार कामांचा तो संच. पायथनसोबत 'शटिल' नावाची लायब्ररी आपोआप येते, वेगळी उतरवावी लागत नाही. २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ पासून तिच्यात 'व्हिच' नावाचे काम आहे. त्याला नुसते 'टेसरॅक्ट' म्हणायचे. विंडोज असेल तर ते आडनावे लावून बघते, लिनक्स असेल तर परवानगी तपासते, यादी कोणत्या चिन्हाने तोडायची तेही त्याला माहीत असते. फाईल सापडली तर तिचा पूर्ण पत्ता हातात ठेवते. नाही सापडली तर 'काही नाही' असे सरळ सांगते.

भाचीने पत्त्याची ओळ खोडली आणि तिथे व्हिच लिहिले. एका ओळीचा बदल. नांदेडला प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला. पण लातूर आणि पुणे अजूनही गप्पच! आता तिच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी होते.

कारण समजायला अर्धा तास लागला. गोलाईतले सोळा रस्ते पालथे घातले, पण दुकान सतराव्या गल्लीत असेल तर ते कसे सापडणार? विंडोजवर टेसरॅक्ट बसवला तरी त्याचे फोल्डर पाथच्या यादीत आपोआप जाईलच असे नाही. ते एकदा हाताने घालावे लागते. सेटिंगच्या शोधाच्या चौकटीत 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स' लिहिले की ती यादी उघडते. त्यात फोल्डर जोडायचे आणि मग काळी खिडकी बंद करून नवी उघडायची. जुन्या खिडकीजवळ जुनीच यादी असते. पुण्याच्या पुतण्याने फोल्डर जोडले, पण खिडकी तीच ठेवली आणि आणखी एक तास डोके धरून बसला.

आम्ही भाचीला म्हटले, "बेटा, पुतण्या हे करील. फुफीअम्मांच्या घरी हे कोण करणार?" इथे तिने जे केले ते आम्हाला मनापासून आवडले. तिने शोधाच्या तीन पायऱ्या केल्या. आधी व्हिचला विचारायचे. त्याने 'काही नाही' म्हटले तर विंडोजवर नेहमीच्या दोन-तीन जागा बघायच्या. तरीही नाही सापडले तर खिडकी उघडी ठेवून मराठीत लिहायचे: "टेसरॅक्ट सापडला नाही. तुमची काही चूक नाही. तो बसवला असेल तर त्याचे फोल्डर दाखवा, नसेल तर आधी बसवून घ्या." दाखवलेले फोल्डर प्रोग्रॅम लक्षात ठेवतो, पुन्हा विचारत नाही.

"तुमची काही चूक नाही" हे वाक्य तिने स्वतःहून घातले. लातूरच्या मुलाचा पडलेला आवाज तिनेही ऐकला होता.

आणखी तीन गोष्टी या खटाटोपात कळल्या. आपल्या मुलामुलींना सांगाव्यात म्हणून लिहितो.

पहिली, एकाच मदतनिसाची नावे अनेक असू शकतात. आमच्या फुफीअम्मांचे कागदावरचे नाव मोहल्ल्यात कुणालाच माहीत नाही. रेशनच्या दुकानात एक नाव, घरात दुसरे. तसेच इथेही. बोलणारा मदतनीस एका कॉम्प्युटरवर 'ईस्पीक-एनजी' असतो, जुन्या कॉम्प्युटरवर नुसता 'ईस्पीक'. खुद्द पायथनला लिनक्सवर बहुधा 'पायथन३' म्हणून हाक मारावी लागते, विंडोजवर 'पायथन' किंवा 'पाय'. म्हणून एकाच नावावर अडून न बसता दोन-तीन नावे क्रमाने विचारावीत.

दुसरी, सापडला म्हणजे तोच असेल असे नाही. विंडोजमध्ये एक खोड आहे. आपण जिथे उभे आहोत ते फोल्डर ती आधी बघते, यादी नंतर. समजा 'डाउनलोड्स'च्या फोल्डरात उभे आहात आणि तिथे कुणीतरी पाठवलेली टेसरॅक्ट नावाची भलतीच फाईल पडलेली आहे. तर खरा टेसरॅक्ट बाजूला राहतो आणि हा तोतया कामाला लागतो. लिनक्समध्ये सहसा असे होत नाही. तिथे समोरची फाईल चालवायची तर आधी एक टिंब आणि तिरकी रेघ मुद्दाम लिहावी लागते. तेव्हा दोन पथ्ये पाळावीत. सापडलेला पत्ता आधी पडद्यावर छापून डोळ्यांनी बघावा. मग मदतनिसाला त्याची आवृत्ती विचारावी, उत्तर नीट आले तरच काम सोपवावे. काही विंडोज कॉम्प्युटरांवर पायथन बसवलेलेच नसते, तरी त्या नावाची फाईल सापडते. ती चालवली की पायथन मिळण्याचे दुकान उघडते! नाव आहे, माणूस नाही.

तिसरी, मदतनीस भेटला तरी त्याला आपली भाषा येते का हे विचारावे. लातूरला टेसरॅक्ट अखेर सापडला तेव्हा त्याने अब्बांचे मराठी इंग्रजी समजून वाचले आणि पडद्यावर नुसता कचरा आला. मराठीची फाईल वेगळी बसवायची असते, ती राहिली होती. कोणकोणत्या भाषा येतात याची यादी टेसरॅक्ट स्वतः देतो. शोधाच्या शेवटी तोही प्रश्न विचारून घ्यावा.

काही वाचक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? एकाने बसून वाचून दाखवले असते तर झाले नसते का? झाले असते. आम्हीही स्वतःला हेच विचारले. पण आमच्या वर्गातही आम्ही दुसरी बाजू पाहतो. मुले घरी किंवा नेट कॅफेत बसून प्रोजेक्ट करतात. शाळेच्या किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये तो दाखवायची वेळ येते आणि लॅबचा कॉम्प्युटर वेगळा निघतो. प्रोग्रॅम उघडत नाही. मूल रडवेले होऊन म्हणते, "सर, घरी चालत होता." शिक्षकाला ते खोटे वाटते आणि मार्क जातात. बहुतेक वेळा ते मूल खरेच बोलत असते. त्याने फक्त आपल्या घराचा पत्ता प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेला असतो. ज्या मुलाकडे स्वतःचा लॅपटॉप आहे त्याला हा फटका कमी बसतो, कारण तो तोच लॅपटॉप घेऊन येतो. उसन्या कॉम्प्युटरवर शिकणाऱ्या मुलाला तो हमखास बसतो. आणि आपल्या घरांत उसन्या कॉम्प्युटरवर शिकणारी मुले किती आहेत, हे वाचकांना आम्ही काय सांगावे?

म्हणून शिकणाऱ्या मुलांना एवढे जरूर सांगा. प्रोग्रॅममध्ये पूर्ण पत्ता लिहू नका, नाव विचारा. नाही सापडले तर समोरच्याला कळेल अशा भाषेत सांगा. आणि काम पूर्ण झाले असे म्हणण्याआधी ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर एकदा चालवून बघा, शक्यतो वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर.

पुढे काय झाले तेही सांगतो. एका रविवारी भाचीला घेऊन आम्ही एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला गेलो. पिशवीत अब्बांची पहिली वही. नातवाने फोटो काढला, प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर टेसरॅक्टचा पत्ता उमटला, आवृत्ती उमटली, 'मराठी आहे' असे उमटले, आणि यंत्र वाचू लागले. फुफीअम्मांनी कान दिला. दोन मिनिटांनी हसून म्हणाल्या, "ये तो स्टेशन की बाई बोल रई." खरेच, तो आवाज गाडी लेट असल्याची सूचना द्यावी तसा सपाट. मधेमधे जोडाक्षरेही चुकत होती. 'विहीर' बरोबर आली, 'पाणवठ्यावर' पार मोडला.

मग नातवाने एक केले. ओळखलेला मजकूर पडद्यावर मोठ्या अक्षरांत आणला आणि जिथे यंत्र चुकले तिथे वहीत बघून दुरुस्त करत स्वतःच मोठ्याने वाचू लागला. त्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमाचे. मराठी वाचताना अडखळत होता. फुफीअम्मा डोळे मिटून त्याचे शब्द सुधारत होत्या. विहिरीवरचा तो लेख संपला तेव्हा म्हणाल्या, त्या विहिरीचे पाणी त्यांनी आणि अब्बांनी मिळून शेंदले होते. हे आम्हाला माहीत नव्हते. लेखातही नव्हते.

आता दर जुम्म्याला मगरिबनंतर तो एक कात्रण वाचतो. दुरुस्त केलेला मजकूर नांदेडला पाठवतो, भाची जपून ठेवते. पहिली वही संपत आली आहे, दहा बाकी आहेत. बाकीच्या वह्या आम्ही नेऊन देणार आहोत, आणि या वेळी दोन-चार कात्रणे स्वतः बसून वाचणार आहोत.